चाळलेला बर्फ

(तिसऱ्या मजल्यावरची एका खिडकीची खोली. दुपार. खाटेवर बर्फवाला उशा रचून बसलेला. तो आडवा झाला की छातीतलं पाणीही आडवं होतं, म्हणून. एके काळी तो नाटकमंडळीत वरच्या फळीवरून बर्फ पाडायचा. नाव तेव्हा पडलं, बर्फ संपला तरी वितळलं नाही. दारात राजे. राजे म्हणजे राजाची भूमिका करणारे, पण हा फरक त्यांना कुणी कधी समजावून सांगितलेला नाही. त्यांच्या पाठीवर एक पोतं.)

बर्फवाला: ठेवा खाली. हळू. आपटू नका, राजे.

राजे: आपटेन कशाला? बर्फ आहे, दगड नाही. थांब जरा. श्वास घेऊ दे.

बर्फवाला: खिडकीकडे तोंड करून घ्या. पोत्याकडे नको.

राजे: तीन जिने. पूर्वी मी तीन अंक न थांबता चढायचो.

बर्फवाला: मध्ये थांबलात कुठे?

राजे: दुसऱ्या मजल्यावर. पण थांबलो नाही. विराम घेतला.

बर्फवाला: आणि हे इथे कशाला आणलंत?

राजे: आधी कौतुक कर. एकतीस वर्षं जपलंय. मंडळी बंद पडली तेव्हा कुणी आरसे नेले, कुणी मखमली पडदा नेला, ऑर्गनवाल्याने तर ऑर्गनच्या नुसत्या पट्ट्या नेल्या. मी बर्फ नेला. तुझी वहिनी म्हणाली, सिंहासन आणायचं सोडून काय आणलंत? म्हटलं, सिंहासन काय, सुतार उद्या करून देईल. हा बर्फ पुन्हा पडायचा नाही.

बर्फवाला: एकतीस वर्षं होतं कुठे?

राजे: माझ्या पाठीशी. भिंतीला लावून ठेवलंय, रोज संध्याकाळी टेकून बसतो. मऊ आहे अजून.

बर्फवाला: उघडलंत कधी?

राजे: गाठ तुझ्या हातची. तुझी गाठ आजवर कुणाच्या बापाला सुटली आहे?

बर्फवाला: चला. आयुष्यात एक काम धड झालं.

राजे: म्हणून तर घेऊन आलो. शनिवारी मुलांचं नाटक आहे. माझ्या शिकवणीतली चौदा पोरं. शेवटच्या प्रवेशात मी मरतो, तिथे बर्फ हवा. कागदाचे कपटे टाकू म्हणत होती. म्हटलं, माझ्या देखत कपटे पडणार नाहीत. खरा बर्फ आहे आपल्याकडे. तेव्हा तू ही गाठ सोड, एकदा चाळून दे, आणि वरून झोळी कशी टांगायची ते समजावून सांग.

बर्फवाला: किती वाजले?

राजे: तीन वाजून दहा.

बर्फवाला: साडेतीनला भाची येते कामावरून. त्याच्या आत हे पोतं इथून गेलं पाहिजे. नाही, जिन्यावरून परत नेऊ नका. जिन्यावर पोरं खेळतात. गच्चीवर? नको, तिथे वारा.

राजे: तुझ्या आजाराला बर्फाचं वावडं आहे का?

बर्फवाला: माझा आजारच तो आहे.

राजे: म्हणजे सर्दी?

बर्फवाला: राजे, बसा. तिथे नको, पोत्यापासून लांब. हा बर्फ म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस आहे.

राजे: अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे छपराचा पत्रा. हा तर बघ, किती मऊ आहे.

बर्फवाला: दाबू नका. त्या पत्र्यात जे घालतात ते हे. धागे असतात. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे बारीक. श्वासातून आत गेले की बाहेर येत नाहीत. माझ्या छातीतून आतापर्यंत दोनदा पाणी काढलं. दुसऱ्या वेळी दीड लिटर. कोपऱ्यावरचा दूधवाला एवढं माप देत नाही.

राजे: काढलं ना? मग झालं.

बर्फवाला: पुन्हा भरतं. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग आहे. मी डॉक्टरांना विचारलं, चष्म्याचा नंबर वाढलाय, नवीन करून घेऊ का? ते म्हणाले, आहे तो चालेल.

राजे: मग चांगलं आहे की.

बर्फवाला: राजे.

राजे: हां. हां, कळलं. कळलं मला. जरा वेळाने कळलं, एवढंच.

बर्फवाला: धाकटीही त्यानेच गेली.

राजे: तुझ्या बहिणीला दमा होता.

बर्फवाला: सगळ्यांनी दमा म्हटलं. मीही म्हटलं. भाची इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे, काचेवर घेऊन पेशी मोजते. माझं पाणी तिच्याच टेबलावर गेलं. मग तिने आईचे जुने फोटो काढले, छातीचे. दोन रात्री शेजारी शेजारी ठेवून बघत होती. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, मामा, रंगमंचाखाली आई काय चाळायची?

राजे: बर्फ. दर प्रयोगानंतर. पुन्हा वापरायला.

बर्फवाला: तेच सांगितलं. मग तिने विचारलं, तो बर्फ मंडळीत आणला कुणी? मी म्हटलं, मॅनेजरने.

राजे: मॅनेजरने? अरे, शोध तुझा. तिसऱ्या प्रयोगाला कापसाच्या बर्फाने दिव्यावर पेट घेतला, माझा टोप जळला, मी सिंहासनावर धूर काढत बसलो होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी तूच कुठूनसा हा बर्फ घेऊन आलास. तुझं नाव त्यानेच झालं.

बर्फवाला: म्हणूनच मॅनेजरचं सांगितलं.

राजे: मॅनेजर बिचारा मेला.

बर्फवाला: म्हणूनच. त्याला काय फरक पडतो? मला पडतो. या घरात माझं दुसरं कुणी नाही, राजे. ती कामावरून येते, चप्पल काढते, माझ्याकडे बघते, मग हात धुते. आधी बघते, मग हात धुते. तेवढं दोन-तीन महिने तसंच चालावं. बाकी काही मागणं नाही.

राजे: मग माझं काम काय?

बर्फवाला: तिने विचारलंच तर म्हणायचं, बर्फ मॅनेजरने आणला.

राजे: एवढंच?

बर्फवाला: तीन शब्द.

राजे: आणि नाही विचारलं तर?

बर्फवाला: तर गप्प बसायचं.

राजे: गप्प बसण्याची भूमिका मी आजवर केलेली नाही.

बर्फवाला: केली आहे. मेल्यावर पडदा पडेपर्यंत.

राजे: तेव्हाही मी एक संवाद घालायचो. बरं, हे तीन शब्द कुठल्या भावात? खेदाने? की सहज, जाता जाता?

बर्फवाला: भाव नको. नुसते शब्द. जिन्यात तिच्या किल्ल्यांचा आवाज आला. पोत्यावर चादर टाका. माझी घ्या. टाका, झटकू नका...

भाची: दार उघडं कशाला टाकलंयस, मामा? अरे वा, राजेकाका. किती वर्षांनी. चढलात कसे?

राजे: विराम घेत घेत. केवढी झालीस, पोरी. रंगमंचाखाली बसायचीस तेव्हा एवढीशी होतीस.

भाची: चव्वेचाळीस झाले, काका. मामाची चादर जमिनीवर का आहे?

बर्फवाला: मला उकडत होतं.

भाची: खाली काय आहे तिच्या?

बर्फवाला: राजांचं सामान.

राजे: राजवस्त्रं.

भाची: राजवस्त्रांना सुतळी? मामा, ही गाठ तुझी आहे. मला बूट बांधायला हीच शिकवली होतीस. हे पोतं काय आहे?

बर्फवाला: तू आधी हात धू.

भाची: काका, काय आहे यात?

राजे: बर्फ. शनिवारच्या नाटकासाठी. चौदा मुलं आहेत.

भाची: कुणी हात लावू नका. काका, उठा, खिडकीशी बसा. पंखा बंद करते. मामा, तू हा टेबलाच्या खणातला मास्क तोंडाला लाव. काका, तुम्हीही.

बर्फवाला: मला कशाला आता? माझं झालंय सगळं.

भाची: लाव.

बर्फवाला: बुडालेल्याला छत्री.

भाची: लावलंस? बरं. बादली आणते. ओलं केलं की उडत नाही. काका, चादरीला हात नको, मी वरूनच पाणी टाकणार आहे.

राजे: अगं अगं, माझा बर्फ.

भाची: तुमचाच आहे. फक्त ओला होईल.

राजे: तू काहीतरी गैरसमज करून घेतलायस. अकरा वर्षं हा बर्फ माझ्या अंगावर पडला. मी तुझ्यासमोर धडधाकट उभा आहे.

भाची: बसलात, काका.

राजे: बसलोय, पण धडधाकट बसलोय. विष असतं तर तेव्हाच मेलो असतो. रोज तर मरायचो.

भाची: विष असतं तर बरं झालं असतं. विष लगेच कळतं. हा धागा काही करतच नाही. ना कुजतो, ना विरघळतो, ना जळतो. नुसता पडून राहतो.

राजे: मग?

भाची: जे काही करायचं ते आपलंच शरीर करतं. ऐका. फुप्फुसाच्या अगदी टोकाला बारीक बारीक फुगे असतात. तिथे झाडूवाल्या पेशी फिरत असतात. धूर, धूळ, जंतू, जे सापडेल ते गिळायचं. आत आम्ल असतं, त्यात विरघळवायचं. काम संपलं. धागा आखूड असेल तर तोही जातो गिळून. पण हा धागा त्या पेशीपेक्षा लांब. ती एका टोकाकडून गिळायला लागते, आणि दुसरं टोक बाहेरच राहतं.

राजे: मग थुंकून टाकावं.

भाची: थुंकता येत नाही. गिळताही येत नाही. तोंड मिटत नाही. आतलं आम्ल बाहेर सांडतं, शेजारच्या पेशी भाजतात. मग ती हाळी देते. धोका आहे, या.

बर्फवाला: येतात. सगळ्या येतात. हे मी रोज आतून ऐकतो.

भाची: आलेल्याही तेच करतात. गिळायला जातात, अडकतात, सांडतात, फुटून मरतात. धागा परत मोकळा, होता तसाच. मग मेलेल्यांना उचलायला नवीन येतात, त्यांना तोच धागा सापडतो. जागा सुजते. सूज राहिली की शरीर तिथे वण विणायला लागतं. मऊ जागेची चामडी होते. धाग्यालाही सोडत नाहीत, त्यावर लोखंडाचा लेप चढवतात. मामाच्या थुंकीत दिसला मला एक. सोनेरी, मणी ओवल्यासारखा. नमुना म्हणून फार सुंदर होता.

बर्फवाला: माझ्या छातीतून निघालेला पहिलाच दागिना.

राजे: पण मंडळी बंद होऊन एकतीस वर्षं झाली.

भाची: त्यांना कुणी सांगितलं नाही ना, काका, की प्रयोग संपला. चाळीस-चाळीस वर्षं चालू राहतं. पेशी मरतात, नवीन होतात, पुन्हा भाजतात, पुन्हा नवीन होतात. नवीन पेशी म्हणजे जुनीची नक्कल. एवढ्या घाईत नकला करायच्या म्हणजे चुका होणार. हजार चुका होतात, हजार चुका आपापल्या मरूनही जातात. एखादी चूक मरायचंच विसरते. ती वाढत राहते. तोच कर्करोग.

बर्फवाला: राजे, तुमच्यासारखी.

राजे: माझ्यासारखी कशी?

बर्फवाला: नाटककाराने तुमचं मरण दोन मिनिटांचं लिहिलं होतं. शंभराव्या प्रयोगाला तुम्ही अकरा मिनिटांवर नेलंत. मुलगा सिंहासनावर बसून राज्यकारभार सुरू करायचा तरी तुमचं चालूच. मी वर फळीवर पोती मोजायचो. दोन मिनिटांना अर्धं पोतं लागायचं. अकरा मिनिटांना तीन.

राजे: लोकांना हवं होतं. टाळी पडायची, वन्स मोअर यायचा.

भाची: मरणाला वन्स मोअर?

राजे: रोज. मी उठायचो, मुजरा करायचो आणि पुन्हा मरायचो.

बर्फवाला: पुन्हा तीन पोती.

राजे: शेवटी मी आकाशाकडे तोंड करायचो. याने वरून नेमका एक कण सोडायचा आणि तो मी जिभेवर घ्यायचो. पहिल्या रांगेतल्या बायका रडायच्या. पोरी, तो जिभेवरचा कण... त्याचं काय?

भाची: गिळलेल्याची फार काळजी नको. श्वासातला वाईट.

राजे: आणि त्यानंतर मी शेवटचा श्वास घ्यायचो.

भाची: केवढा?

राजे: शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढा.

भाची: काका, मंगळवारी इस्पितळात या. दहा वाजता फोटोचं यंत्र मोकळं असतं. मी खाली दारातच भेटेन.

राजे: मला काही होत नाहीये.

भाची: काहींना खरंच काही होत नाही. कुणाला होतं, कुणाला नाही, हे अजून कुणाला धड सांगता येत नाही. मी पण तिथेच होते ना, आईच्या शेजारी. बर्फाचे गोळे करून खांबावर मारायचे. दर वर्षी काढते मी फोटो. वाढदिवसाला. नाहीतर लक्षात राहत नाही.

राजे: आणि?

भाची: अजून स्वच्छ आहे. मंगळवारी दहा.

राजे: मुलांचं काय? शनिवारी?

भाची: कागदाचे कपटे. आणि घरात पोतं जिथे ठेवलं होतं, त्या जागेला झाडू लावू नका. काकूंना सांगा. मी येऊन ओल्या फडक्याने पुसते.

राजे: कागदाचा बर्फ थेट खाली येतो. तरंगत नाही.

बर्फवाला: टिपकागद घ्या, राजे. नखाएवढे तुकडे. झोळी लांब कापडाची, भोकं तिरकी, आणि एकाच दोरीने हलवायची. पोराला सांगा, दोरी ओढायची नाही. विचार करत असल्यासारखी हलवायची.

राजे: विचार करत असल्यासारखी. बरं.

भाची: काका, एक विचारू?

राजे: विचार.

भाची: तुम्ही पहिल्या प्रयोगापासून होतात. हा बर्फ आणला कुणी?

राजे: बर्फ मॅनेजरने आणला.

बर्फवाला: झालं तर. राजे, उशीर झाला असेल तुम्हाला.

राजे: मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. सकाळची वेळ. मी तालमीच्या फळ्यांवर उभा. आणि मॅनेजर येतोय, पाठीवर हे भलंमोठं पोतं, घामाने निथळतोय, एकेक पायरी चढतोय...

बर्फवाला: राजे. तीन शब्द.

भाची: मॅनेजरकाका पायरी चढत होते?

राजे: दमदार पावलं टाकत.

भाची: काका, ते चाकांच्या खुर्चीत असायचे. मी त्यांच्या मांडीवर बसून फिरायची.

राजे: हां. म्हणजे चाकं जोरात फिरवत.

भाची: जिन्यावर?

राजे: रंगभूमीवर काय अशक्य आहे?

भाची: मामा, तू का तिकडे बघतोयस?

राजे: हे बघ पोरी, मी चाळीस वर्षं हजार हजार माणसांसमोर खोटं बोललोय, कधी अडखळलो नाही. पण ती माणसं अंधारात असतात. तू अशी दिवसाउजेडी समोर बसून डोळ्यात बघतेस. हे असं नाही जमत मला.

बर्फवाला: जाऊ द्या, राजे. मी आणला.

भाची: काय?

बर्फवाला: बर्फ. मी आणला. कापसाने पेट घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी. कपडे धुण्याच्या कारखान्यात एक ओळखीचा होता, बॉयलरच्या नळांना गुंडाळायचं काम करायचा. त्याच्याकडे ढीग पडलेला असायचा. फुकट दिला त्याने. पांढरा, हलका, फुंकर मारली की तरंगायचा. मी काडी लावून बघितली, जळला नाही. पाण्यात टाकून बघितला, विरला नाही. जिभेला लावून बघितला, चव नाही. सगळ्या परीक्षा घेतल्या.

भाची: एक राहिली.

बर्फवाला: एक राहिली.

भाची: मॅनेजरने आणलं असतं तरी मला काय फरक पडला असता? मी एवढंच विचारत होते की आणखी कुणाकुणाला शोधायचं. पोतं कुठून आलं, तिथे कोण काम करत होतं. तो नळ गुंडाळणारा माणूस.

बर्फवाला: तो पन्नाशीतच गेला. त्यालाही दमाच म्हणाले होते.

राजे: पोरी, याचा हेतू वाईट नव्हता. माझा टोप वाचावा म्हणून केलं याने. हवं तर दोष माझ्या टोपाला दे.

भाची: काका, तुम्ही खाली सावकाश जा. कठडा धरून. मंगळवारी दहा.

राजे: आणि हे पोतं?

भाची: ते इथून आमच्या इस्पितळाच्या घातक कचऱ्याच्या गाडीत जाईल. उद्या सकाळी.

राजे: एक मूठभर... नाही. नाही. असाच आपला विचार आला. येतो, बर्फ्या.

बर्फवाला: या, राजे. तोंडावरचं ते खाली गेल्यावर काढा. आणि मरताना घाई करा. पोरांचं नाटक आहे, त्यांना वेळेवर झोपायचं असतं.

राजे: दोन मिनिटांत मरेन. शब्द देतो.

भाची: गेले.

बर्फवाला: ऐक. पावलं थांबली. दुसरा मजला. येतानाही तिथेच थांबले होते.

भाची: उतरताना कुणी थांबत नाही, मामा.

बर्फवाला: म्हणून तर सांगतोय.

भाची: मंगळवारी आले नाहीत तर मी घरी जाऊन आणीन. आईला कुणी लावलं त्या कामाला?

बर्फवाला: तुझा बाप निघून गेला त्या वर्षी. मॅनेजर म्हणाला, चाळायला बाई हवी. मी म्हटलं, माझी बहीण आहे. तू दोन वर्षांची. म्हटलं, मुलीला जवळ घेऊन बसता येईल, ऊन नाही, वारा नाही.

भाची: वारा नाही.

बर्फवाला: खिडकीच नव्हती तिथे. बर्फ उडून वाया जायला नको म्हणून मीच निवडली होती ती जागा. प्रयोग संपला की केरसुणीने सगळा गोळा करायचा. त्यात टाचण्या यायच्या, दाढीचे केस यायचे, एकदा तर राजांचा दात आला. ते सगळं काढून बर्फ परत पोत्यात. फेकायचा नाही. मला त्याचा अभिमान होता. अकरा वर्षं तोच बर्फ पाडला मी. तोच.

भाची: ती एकटी चाळायची?

बर्फवाला: नाही. चाळण मोठी होती, खाटेएवढी. दोन बाजूंनी दोघांनी धरायची आणि हलवायची. एका बाजूला ती, एका बाजूला मी. तू मध्ये, चाळणीखाली. तुला आवडायचं. वरून पडायचा ना.

भाची: आठवतंय मला.

बर्फवाला: तिचे केस पांढरे व्हायचे. भुवया, पापण्या, सगळं. मी म्हणायचो, धाकटे, म्हातारी झालीस बघ. ती कमरेत वाकून काठी टेकल्याची नक्कल करायची. तू हसायचीस.

भाची: हो.

बर्फवाला: तेवढीच काय ती म्हातारी झाली.

भाची: मामा, गप्प बस जरा.

बर्फवाला: बसतो.

भाची: डॉक्टरांना मी सांगितलं होतं, माझ्या मामाचा यात काही दोष नाही, त्याला आणून दिलं कुणीतरी. कागदावर लिहून घेतलंय त्यांनी.

बर्फवाला: खोडायला सांग.

भाची: खोडायला नको. खाली दुसरी ओळ लिहीन.

बर्फवाला: रागावलीस?

भाची: माहीत नाही.

बर्फवाला: गिळशील का एवढं?

भाची: लांबी बघू दे आधी.

बर्फवाला: बरोबर आहे. सावकाश बघ. माझ्याकडे... हां. सावकाश बघ.

भाची: दुपारची गोळी घेतलीस?

बर्फवाला: राजे आले, राहिली.

भाची: हे पाणी. घे. तोंडावरचं नाकावरून काढू नकोस, खालून थोडं उचल आणि पी. असं.

बर्फवाला: घेतली. तू हात धुतले नाहीस अजून.

भाची: हे झाल्यावर धुते. पोतं ओलं झालंय पुरतं. आता चादरीसकट प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. वर चिकटपट्टी. उठवेल तुला?

बर्फवाला: मला?

भाची: जड झालंय. एकटीने उचललं तर फाटेल. खाटेवरच बस, पाय खाली सोड. चादरीची ती दोन टोकं घे.

बर्फवाला: घेतली.

भाची: घट्ट धरलीस?

बर्फवाला: धरली.

भाची: आता हलवू नकोस.

बर्फवाला: नाही हलवत.